स्टॅफ जीवाणूंची रोगकारक जनुके: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सूक्ष्मजीवशास्त्राचे विद्यार्थी, प्रयोगशाळा तंत्रज्ञ आणि कल्चरचा अहवाल हातात घेऊन काळजीत पडलेले नातेवाईक यांच्याकडून स्टॅफ जीवाणूंविषयी जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र केली आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. जेथे विषय दुसऱ्या उत्तरात अधिक विस्ताराने आला आहे तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. उपचारांचा निर्णय मात्र रुग्णाला तपासणाऱ्या डॉक्टरांनीच घ्यायचा असतो.

१. अहवालात ‘स्टॅफ’ असे लिहिले आहे. हा एकच जीवाणू आहे का?

नाही. स्टॅफिलोकॉकस ही प्रजाती असून तिच्यात पन्नासांहून अधिक जाती आहेत. माणसांच्या संदर्भात सर्वांत महत्त्वाची जाती म्हणजे स्टॅफिलोकॉकस ऑरियस. गळू, केसपुळी, रांजणवाडी, जखमेतील पू यांपासून हाडांचा संसर्ग, हृदयाच्या झडपांचा दाह आणि रक्तातील जंतुसंसर्गापर्यंत अनेक विकार तिच्यामुळे होतात. स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिस ही जाती जवळजवळ प्रत्येक माणसाच्या त्वचेवर आयुष्यभर नांदते. अलेक्झांडर ऑग्स्टन या स्कॉटिश शल्यचिकित्सकाने १८८० च्या सुमारास अ‍ॅबरडीन येथे पुवामध्ये हे गोलाणू पाहिले आणि १८८४ मध्ये जर्मनीतील रोझेनबाख याने सोनेरी व पांढऱ्या वसाहतींवरून त्यांचे दोन गट केले. सोनेरी तो रोगकारक आणि पांढरा तो निरुपद्रवी, हा समज तेव्हापासून रुजला. तो कोठे अपुरा पडतो हे पुढील बहुतेक उत्तरांत दिसेल.

२. रोगकारक जनुक म्हणजे नेमके कोणते जनुक?

ज्या जनुकामुळे जीवाणूला यजमानाच्या शरीरात शिरणे, टिकणे, प्रतिकारशक्ती चुकवणे किंवा ऊतींना इजा करणे शक्य होते, त्याला रोगकारक जनुक म्हणतात. ऑरियसमध्ये अशा जनुकांचे ढोबळमानाने चार गट दिसतात. पहिल्या गटातील प्रथिने पेशींना आणि ऊतींना चिकटण्यासाठी असतात. क्लम्पिंग फॅक्टर आणि फायब्रोनेक्टिनला चिकटणारी प्रथिने ही त्याची उदाहरणे होत. दुसरा गट प्रतिकारशक्तीला चकवणाऱ्या घटकांचा आहे. त्यातील प्रोटीन ए प्रतिपिंडांना उलट्या टोकाने पकडून ठेवते, त्यामुळे ती निरुपयोगी ठरतात. तिसऱ्या गटात अल्फा हिमोलायसिनसारखी विषे आणि ऊती विरघळवणारी एन्झाइम्स येतात, तर चौथा गट या सर्वांचे उत्पादन कमीजास्त करणाऱ्या नियंत्रक जनुकांचा आहे.

यातील अनेक जनुके मुळात रोग घडवण्यासाठी निर्माण झाली असे समजू नये. नाकाच्या अस्तराला चिकटून राहण्यासाठी उपयोगी पडणारे प्रथिन रक्तवाहिनीतील कॅथेटरलाही चिकटते; जीवाणूच्या दृष्टीने ते एकच काम आहे.

३. निरुपद्रवी वाणांमध्ये ही जनुके नसतातच ना?

हा प्रश्न सर्वाधिक येतो, आणि सर्वाधिक गैरसमजही येथेच आहेत. वाण म्हणजे एकाच जातीतील जनुकीयदृष्ट्या वेगळा उपप्रकार. निरुपद्रवी हा शब्द कोणत्या तुलनेत वापरला आहे, हे आधी पाहावे लागते.

दोन जातींची तुलना केली तर फरक ठळक दिसतो. ऑरियसमध्ये असलेली कोअ‍ॅग्युलेज (रक्तद्रव गोठवणारे एन्झाइम), प्रोटीन ए आणि बहुतेक विषांची जनुके एपिडर्मिडिसमध्ये सहसा आढळत नाहीत. युरोपात मांसाचे सॉसेज आंबवण्यासाठी विरजण म्हणून वापरली जाणारी स्टॅफिलोकॉकस कार्नोसस ही जाती तर त्याहून निरुपद्रवी आहे. तिच्या एका वाणाचा संपूर्ण जनुकसंच २००९ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा ऑरियसची नेहमीची विषे त्यात नसल्याचे दिसून आले.

एकाच जातीतील दोन वाणांची तुलना केली की चित्र धूसर होते. एपिडर्मिडिसचे एटीसीसी १२२२८ हे वाण संसर्गाशी निगडित नाही आणि त्यात आयसीए हा जनुकसमूह नाही. उलट कॅथेटरच्या संसर्गातून मिळालेल्या आरपी६२ए या वाणात तो आहे. या जनुकसमूहामुळे जीवाणूंना एकमेकांशी बांधणारी चिकट शर्करा तयार होते आणि बायोफिल्मचा थर जमतो. पाठ्यपुस्तकासाठी ही जोडी सोयीची असली तरी आयसीए असलेली वाणे निरोगी त्वचेवरही सापडतात, आणि आयसीए नसलेली काही वाणे केवळ प्रथिनांच्या आधारे बायोफिल्म बांधून रुग्णांना आजारी पाडतात.

ऑरियसबाबत तर निरोगी माणसाच्या नाकातील सामान्य वाणातही अल्फा हिमोलायसिन, कोअ‍ॅग्युलेज आणि क्लम्पिंग फॅक्टर यांची जनुके असतात. ती असणे हे त्या जातीचे सर्वसाधारण लक्षण आहे.

४. माझ्या नाकात ऑरियस सापडला, पण मला काहीच त्रास नाही. ते निरुपद्रवी वाण आहे का?

कोणत्याही वेळी सुमारे एक तृतीयांश निरोगी माणसांच्या नाकात ऑरियस असतो, त्यामुळे असे आढळणे हा आजार नव्हे. मात्र वाण निरुपद्रवी आहे असा निष्कर्षही त्यातून निघत नाही. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जर्मन अभ्यासात रक्तात ऑरियसचा संसर्ग झालेल्या रुग्णांपैकी ८० टक्क्यांहून अधिक जणांच्या नाकातील आणि रक्तातील वाणे जनुकीयदृष्ट्या एकच निघाली. म्हणजे वर्षानुवर्षे शांत असलेला जीवाणूच, त्वचा फाटली किंवा सुई टोचली गेली की रक्तात पोहोचला होता.

याला एक अनपेक्षित बाजूही आहे. २००४ मधील मोठ्या डच अभ्यासात नाकात ऑरियस बाळगणाऱ्या रुग्णांना रुग्णालयात रक्तसंसर्ग होण्याचा धोका इतरांच्या सुमारे तिप्पट होता. परंतु संसर्ग झाल्यानंतर मृत्यूचे प्रमाण मात्र वाहक नसलेल्यांमध्येच जास्त होते. दीर्घ सहवासामुळे वाहकांची प्रतिकारशक्ती आपल्या वाणाशी काही अंशी परिचित झालेली असावी, हे त्याचे एक संभाव्य स्पष्टीकरण आहे. नियोजित शस्त्रक्रियेपूर्वी नाकातील जीवाणू काढायचा की नाही, हा निर्णय शस्त्रक्रियेच्या प्रकारानुसार डॉक्टर घेतात.

५. जनुकांची यादी पाहून रोगकारक आणि वाहकातील वाणे वेगळी ओळखता येतात का?

खात्रीने ओळखता येत नाहीत. २००२ मध्ये ऑक्सफर्ड परिसरातील वाणांवर झालेल्या अभ्यासात चिकटण्याची व विषांची सात जनुके संसर्गाच्या वाणांमध्ये अधिक आढळली आणि एक यादी हाती लागल्याची आशा वाटू लागली. पुढे २००६ मध्ये त्याच संग्रहातील वाणांचे संपूर्ण जनुकसंच अनेक जनुके एकाच वेळी शोधणाऱ्या मायक्रोअ‍ॅरेने तपासले गेले, तेव्हा वाणांचे गट त्यांच्या वंशांनुसार स्पष्टपणे पडले. पण वाहकांचा वंश एक आणि रुग्णांचा वंश दुसरा, अशी विभागणी दिसली नाही.

२०१२ मधील एका अभ्यासात संशोधकांनी एका वाहकाच्या नाकातील वाणांचा दीर्घ काळ मागोवा घेतला. त्या व्यक्तीला नंतर रक्तसंसर्ग झाला, तेव्हा नाकातील आणि रक्तातील वाणांमध्ये केवळ आठ उत्परिवर्तनांचा फरक होता, आणि त्यांतील एकामुळे एक नियंत्रक प्रथिन अर्धवट राहिले होते. नवीन विष मिळालेले नव्हते. माझ्या मते या विषयावरील सर्वांत बोलका पुरावा हाच आहे, कारण जनुक आहे की नाही एवढेच विचारणाऱ्या चाचणीला असा बदल दिसतच नाही.

६. पीसीआरमध्ये विषाचे जनुक सापडले. म्हणजे तो जीवाणू ते विष तयार करतो, असे म्हणता येईल का?

पीसीआर ही डीएनएचा ठरावीक तुकडा शोधणारी चाचणी केवळ तो तुकडा उपस्थित आहे एवढेच सांगते. तो तुकडा वाचला जातो का, केव्हा आणि किती, हे नियंत्रणावर अवलंबून असते. ऑरियसमध्ये एजीआर ही यंत्रणा या नियंत्रणाच्या केंद्रस्थानी आहे. प्रत्येक जीवाणू एक लहान पेप्टाइड बाहेर सोडतो. गर्दी वाढली की त्याची पातळी वाढते आणि ठरावीक मर्यादेनंतर आरएनए-३ नावाचा रेणू तयार होऊन चिकटण्याच्या प्रथिनांचे उत्पादन घटते व विषांचे वाढते. जीवाणू विरळ असताना चिकटून राहणे आणि दाटी झाल्यावर हल्ला करणे, असा हा क्रम आहे. या पेप्टाइडचे चार प्रकार असून एका प्रकारचे वाण दुसऱ्या प्रकारातील वाणाची यंत्रणा बहुधा दडपते.

जनुक उपस्थित असूनही तुटलेले असण्याची शक्यता वेगळी. बीटा हिमोलायसिनचे जनुक जवळजवळ सर्व ऑरियसमध्ये आहे, परंतु माणसांमधील बहुसंख्य वाणांत एक फाज, म्हणजे जीवाणूंना लागण करणारा विषाणू, नेमका त्याच जनुकात घुसून बसलेला असतो. जनुकाच्या अखंड टोकावर बेतलेले प्रायमर (पीसीआरमध्ये जनुक शोधणारे डीएनएचे छोटे तुकडे) वापरले तर चाचणी सकारात्मक येते, पण विष तयार होत नाही.

आणि यंत्रणा बंद पडली म्हणजे जीवाणू सौम्य झाला, असेही नाही. एजीआर निकामी झालेली वाणे दीर्घकाळ रेंगाळणाऱ्या रक्तसंसर्गात वारंवार सापडतात. विषे कमी झाली तरी चिकटणे आणि बायोफिल्म बांधणे वाढते, व तेथे तेच उपयोगी पडते.

७. ही जनुके एका वाणातून दुसऱ्यात कशी जातात?

मुख्यतः फाज, प्लाझ्मिड (गुणसूत्राबाहेरील डीएनएचे कडे) आणि गुणसूत्रावरील फिरत्या खंडांमार्फत. पीव्हीएल हे विष (प्रश्न ९) आणि त्वचेचा वरचा थर सोलणाऱ्या विषाचा ए प्रकार फाजवर असतो. त्याच विषाचा बी प्रकार प्लाझ्मिडवर असतो. टॉक्सिक शॉकचे टीएसटी जनुक रोगकारकतेच्या बेटांवर असते आणि ती बेटे मदतीला येणाऱ्या फाजच्या कवचात बसून प्रवास करतात.

प्रश्न ६ मध्ये उल्लेखलेला बीटा हिमोलायसिन तोडणारा फाज स्वतःसोबत माणसाच्या प्रतिकारशक्तीला चकवणारी जनुके आणतो, म्हणजे एक विष गमावून जीवाणूला वेगळी शस्त्रे मिळतात. एसटी३९८ या वंशाची वाणे माणसांकडून पाळीव पशूंमध्ये गेली तेव्हा त्यांनी हा फाज टाकून दिला, असे २०१२ मध्ये जनुकसंचांच्या तुलनेतून दिसून आले. एका यजमानात घातक ठरणारा संच दुसऱ्यात अडगळ ठरतो.

८. असे एखादे जनुक आहे का, की जे असले म्हणजे ठरावीक आजार होतोच?

‘होतोच’ असे कोणतेही नाही; पण ‘त्याच्याशिवाय होत नाही’ असे म्हणण्याजोगी काही आहेत, आणि ती सर्व विषजन्य आजारांची आहेत. अर्भकांची त्वचा भाजल्यासारखी सोलून निघते तो आजार एक्सफोलिएटिव्ह विषाविना होत नाही. मासिक पाळीशी निगडित टॉक्सिक शॉक सिंड्रोम, जो १९८० मध्ये अमेरिकेत अतिशोषक टॅम्पॉनच्या वापरामुळे गाजला, तो जवळजवळ नेहमी टीएसटी जनुक असलेल्या वाणांमुळे होतो. तरीही हे वाण शरीरावर असलेल्या बहुतेक प्रौढांना काही होत नाही, कारण त्यांच्या रक्तात या विषाविरुद्ध प्रतिपिंडे आधीच असतात.

अन्नविषबाधा हा आणखी वेगळा अपवाद आहे. हाताळलेला आणि उबेत राहिलेला खवा, पेढे किंवा शिजवलेले मांस यांत ऑरियस वाढून एन्टरोटॉक्सिन सोडतो. पदार्थ पुन्हा उकळला की जीवाणू मरतो, विष मात्र उष्णतेला दाद देत नाही. खाल्ल्यानंतर साधारण ३० मिनिटांपासून ८ तासांत उलट्या सुरू होतात, आणि अशा पदार्थाच्या कल्चरमध्ये एकही जिवंत जीवाणू न सापडण्याची शक्यता असते.

सर्वत्र असणारे जनुकही किती घातक ठरू शकते याचे दुःखद उदाहरण ऑस्ट्रेलियातील बुंडाबर्ग येथे १९२८ मध्ये घडले. घटसर्पाच्या लशीच्या एका बाटलीत परिरक्षक नव्हते. तिच्यात ऑरियस वाढला आणि टोचलेल्या २१ मुलांपैकी १२ मुले दगावली. मॅकफार्लेन बर्नेट यांनी केलेल्या तपासातून अल्फा विषाच्या, म्हणजे अल्फा हिमोलायसिनच्या, अभ्यासाला चालना मिळाली. वाण दुर्मीळ नव्हते. त्याला थेट सुईतून शरीरात जायला वाट मिळाली होती.

९. पीव्हीएल सकारात्मक म्हणजे फार धोकादायक का?

१९३२ मध्ये पॅन्टन आणि व्हॅलेंटाइन यांनी वर्णिलेले हे विष न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींना छिद्रे पाडून मारते. पीव्हीएल असलेली वाणे वारंवार होणारी गळवे आणि तरुणांमधील ऊतींचा नाश करणारा न्यूमोनिया यांच्याशी जोडली जातात. परंतु विषाचा स्वतःचा वाटा किती, यावर दीर्घ वाद झाला, कारण उंदरांवरील प्रयोगांत जनुक काढून टाकले तरी फारसा फरक पडत नव्हता. २०१३ मध्ये उलगडा झाला: हे विष न्यूट्रोफिलवरील ज्या ग्राहकाला चिकटते, त्याच्या मानवी रूपाला ते घट्ट धरते, उंदराच्या रूपाला नाही. प्राण्याची निवड चुकली की जनुकाविषयीचा निष्कर्षही चुकतो.

भारतीय वाचकांसाठी हा मुद्दा जवळचा आहे. भारतीय उपखंडात उगम पावलेला आणि बेंगाल बे क्लोन म्हणून ओळखला जाणारा एसटी७७२ वंश प्रायः पीव्हीएल बाळगतो आणि अनेक प्रतिजैविकांना दाद देत नाही. अशा वाणामुळे घरात एकामागून एक सदस्याला गळवे होत असतील, तर सर्वांची एकत्रित तपासणी उपयोगी ठरते.

१०. एमआरएसए हे अधिक उग्र वाण असते का?

एमआरएसए म्हणजे मेथिसिलिन या प्रतिजैविकाला दाद न देणारा ऑरियस. प्रतिकार आणि रोगकारकता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मेथिसिलिन १९५९ मध्ये वापरात आले आणि १९६१ मध्ये ब्रिटनमध्ये त्याला दाद न देणारी वाणे नोंदवली गेली. हा प्रतिकार देणारे मेक-ए जनुक विष तयार करत नाही. ते पेशीभित्तिका बांधणारे पर्यायी प्रथिन पुरवते. एमआरएसएचा संसर्ग घातक ठरतो तो मुख्यतः उपाय मर्यादित असल्यामुळे आणि योग्य औषध उशिरा सुरू झाल्यामुळे. मेक-ए हे प्राण्यांवरील निरुपद्रवी स्टॅफ जातींमधून ऑरियसमध्ये आले असावे, असे पुरावे आहेत. म्हणजे निरुपद्रवी वाणे स्वतः रोग न करताही रोगकारकांना जनुके पुरवू शकतात.

११. कोअ‍ॅग्युलेज सकारात्मक ते रोगकारक आणि नकारात्मक ते निरुपद्रवी, हा नियम पाळावा का?

रोजच्या कामासाठी ही उत्तम चाळणी आहे, पण अपवाद माहीत असलेच पाहिजेत. स्टॅफिलोकॉकस लुग्डुनेन्सिस नळीतील चाचणीत नकारात्मक येते, तरीही हृदयाच्या झडपांचा तिचा संसर्ग ऑरियसइतकाच आक्रमक असतो; शिवाय क्लम्पिंग फॅक्टरमुळे ती काचपट्टीवरील चाचणीत सकारात्मक येऊन फसवते. स्टॅफिलोकॉकस सॅप्रोफिटिकस नकारात्मक असूनही तरुण स्त्रियांमध्ये मूत्रमार्गाचा संसर्ग करते. उलट कुत्र्यांच्या त्वचेवरील स्टॅफिलोकॉकस स्यूडइंटरमीडियस सकारात्मक येते आणि माणसांमध्ये क्वचितच रोग करते. २०१५ मध्ये स्वतंत्र जाती म्हणून वर्णिलेल्या स्टॅफिलोकॉकस अर्जेन्टियसमध्ये सोनेरी रंगद्रव्याची जनुके नसल्याने वसाहती पांढऱ्या दिसतात, पण ती ऑरियसची सख्खी नातलग असून तिच्यासारखेच रोग करते.

नळीतील चाचणी ४ तासांनी अवश्य पाहावी. स्टॅफिलोकायनेज तयार करणारे वाण झालेली गुठळी रात्रभरात विरघळवू शकते, आणि केवळ २४ तासांनी पाहणाऱ्याला ती नकारात्मक वाटते.

१२. रक्ताच्या कल्चरमध्ये एपिडर्मिडिस आला. त्यातील जनुके तपासून तो दूषणाचा (त्वचेवरून नमुन्यात आलेला) की खरा, हे ठरवता येईल का?

आयसीए किंवा मेक-ए यांच्या चाचणीवरून हे ठरवू नये. आयसीएबाबतचे कारण प्रश्न ३ मध्ये, तर मेक-एबाबतचे प्रश्न १० मध्ये आले आहे. वेगवेगळ्या ठिकाणांहून घेतलेल्या एकाहून अधिक नमुन्यांत तेच वाण येणे, बाटली लवकर सकारात्मक होणे, आणि रुग्णाच्या शरीरात कॅथेटर, कृत्रिम झडप किंवा सांधा असणे, या बाबी अधिक निर्णायक आहेत.

१३. निरुपद्रवी वाण मुद्दाम शरीरावर सोडून रोगकारकाला हटवता येईल का?

हा प्रयोग प्रत्यक्ष झाला आहे. १९५० च्या दशकात ८०/८१ नावाच्या पेनिसिलिनला न जुमानणाऱ्या वाणाने अनेक देशांतील नवजात कक्षांत थैमान घातले. त्याला रोखण्यासाठी १९६० च्या दशकात अमेरिकेत ५०२ए हे ऑरियसचेच सौम्य मानलेले वाण नवजात अर्भकांच्या नाकात आणि नाळेवर मुद्दाम लावले गेले. साथी खरोखर आटोक्यात आल्या. परंतु काही बाळांना याच वाणाचा संसर्ग झाला, १९७२ मध्ये एका अर्भकाच्या मृत्यूची नोंद प्रसिद्ध झाली आणि ही पद्धत मागे पडली. सौम्य हे विशेषण निरीक्षणावरून दिलेले होते. या वाणाचा जनुकसंच पुढे कितीतरी वर्षांनी, २०१४ मध्ये, प्रसिद्ध झाला.

आता वेगळ्या जातींवर भर आहे. एपिडर्मिडिसच्या काही वाणांचे ईएसपी हे एन्झाइम नाकातील ऑरियसची बायोफिल्म मोडते, असे २०१० मध्ये जपानी संशोधकांनी दाखवले. २०१६ मध्ये जर्मनीत लुग्डुनेन्सिसपासून लुग्डुनिन हे प्रतिजैविक मिळाले; पण ही जाती स्वतः प्रश्न ११ मध्ये सांगितल्याप्रमाणे घातक असू शकते, म्हणून जिवंत जीवाणूऐवजी रेणू वापरणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

१४. इतकी जनुके माहीत असूनही लस का नाही?

कारण एकाच कामासाठी जीवाणूकडे अनेक पर्याय आहेत. पृष्ठभागावरील लोह शोषणाऱ्या एका प्रथिनावर आधारलेल्या लशीची चाचणी हृदय-छातीच्या शस्त्रक्रियेच्या रुग्णांवर झाली. तिचे निष्कर्ष २०१३ मध्ये आले. संरक्षण मिळाले नाहीच, उलट ज्यांना संसर्ग झाला त्यांच्यातील मृत्यू लस घेतलेल्यांमध्ये अधिक होते. चार घटकांच्या दुसऱ्या लशीची मणक्याच्या शस्त्रक्रियेतील चाचणी २०१८ मध्ये निष्फळ म्हणून थांबवण्यात आली. तिच्या चारपैकी दोन घटक जीवाणूच्या संपुटाचे (बाहेरील शर्करेच्या आवरणाचे) होते, आणि अमेरिकेतील अत्यंत उग्र यूएसए३०० वंश तर संपुटाशिवायच रोग करतो.

१५. महाविद्यालयीन प्रकल्पासाठी रोगकारक आणि निरुपद्रवी वाणांची तुलना करायची आहे. काय सांभाळावे?

निरुपद्रवी नियंत्रण म्हणून एपिडर्मिडिसचे एटीसीसी १२२२८ घेता येते. ऑरियसचे एटीसीसी २५९२३ हे वाण प्रतिजैविकांच्या चकती-चाचणीसाठी जवळजवळ प्रत्येक प्रयोगशाळेत असते आणि म्हणूनच विद्यार्थी त्याला निरुपद्रवी समजतात. प्रत्यक्षात त्यात पीव्हीएलची जनुके आहेत, त्यामुळे ते पीव्हीएलच्या पीसीआरसाठी सकारात्मक नियंत्रण म्हणून उपयोगी पडते आणि हाताळताना सुरक्षा-स्तर २ ची शिस्त मागते.

वाहकांची आणि रुग्णांची वाणे एकाच परिसरातून व एकाच काळात गोळा करावीत, एका व्यक्तीचे एकच वाण मोजावे आणि प्रत्येकाचा वंश स्पा टायपिंगने (प्रोटीन एच्या जनुकातील फरकांवरून) तरी ठरवावा. अन्यथा एखादा वंश रुग्णालयात योगायोगाने पसरलेला असतो आणि त्याची सगळी जनुके रोगाशी निगडित भासतात. जनुक सापडल्यावर शक्य असेल तेथे त्याचे प्रथिन तयार होते का, हेही पाहावे: मेक-ए साठी सेफॉक्सिटिनची चकती, हिमोलायसिनसाठी सशाच्या किंवा मेंढीच्या रक्ताची प्लेट. मानवी नमुने घेण्यापूर्वी संस्थेच्या नैतिकता समितीची परवानगी आणि देणाऱ्याची लेखी संमती घ्यावी, आणि ज्या सहाध्यायाच्या नाकात ऑरियस सापडेल त्याचे नाव अहवालात येऊ देऊ नये.